पाचव्या खोलीतली पिशवी

धुळ्याबाहेर हायवेला लागून एक वॉटर पार्क आहे. तिथला भूत बंगला मी उभा केला. पत्रे, काळं कापड, थर्माकोलचे सांगाडे. सांगाड्यांना कुणी घाबरत नाही. शिंदखेड्याच्या बायका त्यांच्या गालाला हात लावून खिदळतात. घाबरवते ती ओली सुतळी. वळणावर छताला टांगायची. अंधारात तोंडावरून फिरली की भलेभले पहिलवान आईला हाक मारतात. आणि पुढे कुठेतरी दार आहे, हे माणसाला ठाऊक असावं लागतं. बाहेर पडून हसायला मिळणार असेल, तरच तो पैसे देऊन घाबरतो.

एवढी अक्कल असूनही पाचव्या खोलीत मी माती खाल्ली.

मालकाला काहीतरी नवीन हवं होतं. मी दवाखान्याचा वॉर्ड केला. लोखंडी खाट, ऑक्सिजनचा सिलिंडर, खाटेवर चेन लावलेली पांढरी प्लॅस्टिकची पिशवी, आत चिंध्या. कोरोनात माझ्या वडिलांना, आबांना, जळगावात अशाच पिशवीत घालून दिलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे हुबेहूब जमलं. मला त्याचा अभिमानही वाटला, आज त्याचीच लाज वाटते.

पहिल्या दिवशी पांढरा प्लॅस्टिकचा सूट आणि मास्क चढवून मीच कोपऱ्यात उभा राहिलो. पिशवीजवळ कुणी आलं की अंगावर ओरडायचं, एवढंच काम. भर दुपारी धरणगावकडची एक म्हातारी दोन नातींसोबत आत आली. नाती किंचाळत पुढे पळाल्या. म्हातारी मात्र थांबली. खाटेशी गेली, पिशवीवर हात ठेवला. मी ओरडायचंच विसरलो.

"भाऊ, एकदाव तोंड दखाड ना," ती मला म्हणाली.

तिचा मुलगा असाच पिशवीतून गेला होता. किती हातापाया पडली, तरी तिला कुणी त्याचं तोंड दाखवलं नव्हतं. मी मास्क काढला. अक्का, हा खेळ आहे, आत नुसत्या चिंध्या आहेत, असं सांगितलं.

"माले मालूम शे. तरीबी उघाड."

मी चेन उघडली. ती बराच वेळ बघत राहिली. मग वरची चिंधी हाताने सारखी केली, पदराने डोळे पुसले आणि दाराकडे निघाली.

त्याच संध्याकाळी मी ती खोली मोडली. इतकी खरी खोली कुणी मोडतं का, म्हणून मालक भडकला. म्हातारीचं बघवलं नाही, असं मी त्याला सांगितलं.

ते अर्धंच खरं होतं. जळगावात वॉर्डबॉयने मला आपणहून विचारलं होतं, लांबून तोंड बघायचं का? त्याचा हात चेनवर होता. मला आजाराची भीती वाटली. मी नको म्हणालो आणि दोन पावलं मागे सरलो.