भुलभुलैयातली काठी

ओमानमधल्या अल अमेरातच्या त्या घराची व्यवस्था माझ्याकडे होती. किराणा, गॅस, नोकरांच्या सुट्ट्या, सगळं वेळच्या वेळी. बाग मात्र माझ्या कुठल्याच कोष्टकात बसत नसे. घराचे मालक तरुणपणी शिकायला इंग्लंडात होते, तेव्हा एका जुन्या जमीनदारी हवेलीत भाड्याने राहिले होते. तिथल्या बागेचा नकाशा त्यांनी इथे, उघड्या काळ्या डोंगरांच्या पायथ्याशी, जसाच्या तसा उतरवला: हिरवळ, दगडी सूर्यघड्याळ आणि डोक्यावर जाणाऱ्या कुंपणांचा भुलभुलैया. तिकडची झाडं या उन्हात जगेनात, म्हणून कुंपण दमसचं, इकडच्या उन्हातही दाट वाढणाऱ्या झुडपाचं.

मालक वारले. त्यांच्या पत्नी, मोठ्या मॅडम, रोज असरची, उतरत्या दुपारची नमाज झाली की भुलभुलैयात शिरत. दिवसभरात तेवढाच वेळ त्या हसत. पण हल्ली त्यांना वळणं आठवेनात. मुलाने बजावलं, "आता पुन्हा चुकली की खलास. सगळं कापायचं."

"कापलां तर म्हातारी जगाची नाय," माळीदादा म्हणाले. ते सावंतवाडीकडचे. "ताई, एक नारळ आणा. राखणदाराक राखण देऊया."

"इथला राखणदार कोण? इंग्रज की अरब?"

"ता माका म्हाईत नाय. मी आपल्या गावच्या वेशीवरच्याक हाक मारतंय. तुमी फकस्त 'व्हय म्हाराजा' म्हणा."

सूर्यघड्याळापाशी नारळ आणि विडी ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं: म्हातारी वाट चुकली तर तिला बाहेर आण. मला बाजाराची घाई होती. मी "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी झाले.

थोड्याच दिवसांनी मॅडम आतून परतल्याच नाहीत. मी कामं वाटली: डावीकडे मी, उजवीकडे माळीदादा, तोंडाशी स्वयंपाकी. प्रत्येक वाट बघितली. आत कोणीही नव्हतं. आम्ही बाहेर येऊन उभे राहिलो आणि कुंपणामागून आवाज आला. टक, टक. मॅडम काठी वापरत नसत.

त्या आम्ही नुकत्याच तपासलेल्या वाटेने एकट्याच आल्या, अगदी शांत. "काठीवाला पुढे चालत होता," त्या मला म्हणाल्या. "या उकाड्यात घोंगडी पांघरून!"

माळीदादांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. गावच्या राखणदाराच्या घोंगडीबद्दल ते इथे कोणाशी बोलले नव्हते.

मुलाने शब्द पाळला. माळीदादांनाच कुंपण गुडघ्याएवढं कापावं लागलं. आता स्वयंपाकघरातूनही सगळ्या वाटा दिसत. तरी असरनंतर टक, टक सुरू होई. सरळ ओलांडता येईल अशा कुंपणाशीही आवाज थांबे, वळे, पुन्हा मागे जाई.

"त्याला परत पाठवा," मी म्हटलं.

"हाक मारूचा गाऱ्हाणा येता माका, ताई. परत धाडूचा नाय येणा."

मी आठवड्याच्या किराण्यात नारळ लिहू लागले. मॅडमनी बागेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. व्हरांड्यात बसून त्या ऐकत राहत.

"चला ना, आता चुकण्यासारखं काही नाही," मी एकदा म्हटलं.

"आधी त्याला बाहेर येऊ दे," त्या म्हणाल्या.