पहिल्या रांगेतली पर्स

दूध वर येत होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि सासूबाई पेपरातल्या निधनाच्या बातम्या मोठ्यानं वाचून, त्यात कोणी ओळखीचं नाही म्हणून जराशा नाराज होत होत्या. तेवढ्यात दारावर असे काही धक्के बसले, की हे एकाच पायात मोजा घालून दार उघडायला धावले.

दारात तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई.

"बेल आहे की हो," सासूबाई म्हणाल्या. "दार कशाला मोडता?"

"बेल वाजली की नाही, मला कळत नाही," असं म्हणून बाई थेट स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

बाई कोपऱ्यावरच्या शाळेत सव्वीस वर्षं गाणं शिकवत होत्या. माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे मागच्या रांगेत उभं करून "तू फक्त ओठ हलव" असं सांगितलं. इतके सुरेख ओठ सव्वीस वर्षांत कोणी हलवले नाहीत, असं बाई अजून सांगतात.

"डावा कान गेला," नळ गळतोय हे सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. "उजवाही निघालाय. त्याला आवाज कळतो, सूर नाही कळत."

"अगंबाई! शाळेत सांगितलंत?"

"सांगून काय करू? हेडसरांनी कपाटाएवढा स्पीकर आणून ठेवलाय. मी गेले की दुसऱ्या दिवशी मुलं खाली बसतील आणि स्पीकर गाईल. तो बेसूर होत नाही म्हणे. यंदाची मुलं फार तयार आहेत गं. चार कार्यक्रम आहेत, तेवढे निभावू दे. तुझा कान चांगला आहे."

माझा कान चांगला आहे हे घरात कोणी याआधी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं. दूध तोवर उतू गेलं होतं.

ठरलं ते असं. मी पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसायचं. पर्स मांडीवर असली तर सगळं ठीक. पर्स खाली ठेवली, तर आवाज कमी करा. चष्मा काढला, तर सूर उतरलाय. पियानो स्टेजवर आडवा असायचा, त्यामुळे बाईंना मुलंही दिसत आणि मीही. बाकीचं बाई बघणार होत्या. डावा तळहात पियानोच्या लाकडावर ठेवून त्यांना ताल कळायचा आणि मुलांच्या माना बघून बरंच काही. "सूर चढायच्या आधी मान चढते," त्या म्हणायच्या.

नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम बिनबोभाट झाला. पर्स मांडीवरून हलली नाही. माझा पाय मात्र बधिर झाला.

दुसरा कार्यक्रम नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाचा. गाणं ऐन रंगात आलेलं आणि उशिरा आलेल्या एका जाड गृहस्थांना माझ्यापुढून पलीकडे जायचं होतं. मी उठले आणि सवयीनं पर्स खाली ठेवली. आवाज उतरला. गृहस्थ नेमके माझ्या पर्सच्या पट्ट्यात अडकले, त्यामुळे ती उचलताही येईना. गाणं पार कुजबुजीवर आलं. प्रमुख पाहुणे खुर्चीत पुढे झुकले, त्यांच्यामागे अख्खा हॉल झुकला. भाषणात पाहुणे म्हणाले, "इतका संयम मी मोठ्या गायकांतही पाहिला नाही." हेडसरांनी ती शैली कायम ठेवायला सांगितली.

तिसरा कार्यक्रम आंतरशालेय स्पर्धेचा. तिथे मधल्या कडव्यात सूर खरंच उतरला. मी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला स्टेज दिसत नाही, त्यामुळे बाईंनी काय केलं ते मला माहीत नाही. सूर वर आला एवढं ऐकलं. आमचा दुसरा नंबर आला. तीन शाळा होत्या, त्यातल्या एकीची बस वाटेत बंद पडली होती.

"तू नक्की जातेस कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"गाणं ऐकायला."

"आणि पर्स धुवायला टाकतेस ती कशाला? गाण्यानं मळते?"

मग वार्षिक कार्यक्रमाची रंगीत तालीम झाली. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की मुलं त्यांच्याकडे बघतच नाहीयेत. सगळ्यांच्या नजरा माझ्या मांडीवर. बाईंनी पियानो थांबवून विचारलं. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "काकूंनी पर्स खाली ठेवली की हळू म्हणायचं. आम्हाला वाचनालयापासून माहितीये, बाई. तुम्हाला ऐकू येत नाही ना, म्हणून आम्ही बोललो नाही."

बाईंनी तळहात पुन्हा पियानोच्या लाकडावर ठेवला. गाणं पहिल्यापासून घेतलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई पेपर घ्यायला दार उघडतात, तर बाई बाहेर उभ्या. दार मोडू नये म्हणून हळू वाजवत होत्या. दहा मिनिटं झाली म्हणाल्या.

"आता असं करा, मधलं काहीतरी वाजवा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"हेडसरांना सांगून आले काल," बाई मला म्हणाल्या. "सगळं. पर्ससकट."

"मग? स्पीकर?"

"हेडसर म्हणाले, मुलांनी सहा महिने ही गोष्ट पोटात ठेवली, त्यांना खाली बसवून मी स्पीकर लावू? जूनपासून नवी बाई येईल. पोरगी आहे, पण कान शाबूत आहेत. उद्याचा कार्यक्रम माझाच."

"मग मी नेहमीच्या खुर्चीवर बसते. उद्या धाकधूक नको."

"नको." बाईंनी माझ्या हातावर तळहात ठेवला, पियानोवर ठेवायच्या तसा. "मुलांना आता तुझी गरज नाही, माझीही नाही. माझं एकच काम कर. उद्या पर्स घरी ठेव, मागे कुठेतरी बस आणि नुसतं ऐक. आणि संध्याकाळी खाली येऊन मला सांग, कसं झालं ते."