चिकाची वाटी

आमच्या घरी मेंढरं होती आणि थोडी शेती होती, त्यामुळे चीक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मेंढी, गाय, म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. कोकरू जन्मलं की ते धडपडत उभं राहायच्या आधीच आबा, म्हणजे माझे वडील, त्याचं तोंड मेंढीच्या सडाला लावत. मेंढी लाथा झाडत असली तर तिला गुडघ्यांत धरत आणि चिकाच्या धारा कोकराच्या तोंडात पिळत. यात घरात कधी दुमत झालेलं मला आठवत नाही.

माणसाच्या लेकराचा रिवाज मात्र उलटा. बाळंतिणीचं पहिलं दूध पोटात साचून नासलेलं असतं, ते बाळाला बाधतं, अशी समजूत. तीन दिवस ते वाटीत पिळायचं, भिंतीच्या कडेला मातीत ओतायचं आणि बाळाला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखवायचं. हे दोन्ही एकाच अंगणात चालायचं. त्यांची गाठ घालून बघावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आमचं गाव ताडकळसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. निजामाचं संस्थान विलीन झालं तेव्हा मी उर्दू शाळेत होतो. पुढची शाळा मराठीतून झाली आणि मग नांदेडला कॉलेजात सायन्सला गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. याचं श्रेय लोक मला देतात, पण माझ्या वाटची मेंढरं माझी थोरली बहीण, आक्का, राखायची म्हणून मी शाळेत बसू शकलो. तिला अक्षरओळख नव्हती. माझी पाटी मात्र तीच पुसून द्यायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आक्का बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिचं पहिलं लेकरू आदल्या वर्षी बारशाआधीच गेलं होतं. आता दुसऱ्या वेळीही तसंच झालं तर सासरची माणसं जावयासाठी दुसरी सोयरीक बघणार, अशी कुजबुज आईच्या कानावर आली होती. तेव्हापासून आईचं कामात लक्ष लागत नव्हतं.

बाळ महिनाभर आधीच आलं. सकाळी, उन्हं अंगणात उतरत असताना. सुईण बाहेर आली. तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो.

"ल्योक झालाय," ती म्हणाली. "पर लय बारीक हाय. मुठीत मावंल."

मी ओसरीवर चुलाण्यात लाकडं सारत होतो, न्हाणीचं पाणी तापत होतं. आत-बाहेर फक्त एक गोणपाटाचा पडदा, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. आईनं वाटी पुढे केली असावी.

"वाटी कशाला?" आक्काचा आवाज थकलेला होता.

"चीक काढाया. मागच्या येळी काढला न्हवता का?"

"काढला व्हता की. मग ते लेकरू कुठं हाय?"

 मग मावशी म्हणाली, "बाई, तोंड आवर. देवानं नेलं, त्याला मी काय करू?"

"तुला बोल न्हाई लावायले, मावशे. पर अंगणातल्या कोकराला चीक पायजे, आन माझ्याच लेकराला त्याचं इख कसं व्हायलंय?"

"ते जनावर हाय. तू काय मेंढी हाईस व्हय?"

"मेंढी असते तर बरं झालं असतं. आबांनी कवाच पाजला असता."

आई पडदा सारून बाहेर आली. वाटी तिच्या हातातच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सायन्स शिकायलास नव्हं? तुज्या पुस्तकात काय लिवलंय ह्याच्याबद्दल?"

मला तेव्हा बेडकाचं पोट उघडून आतडी, यकृत, पित्ताशय ओळखता येत होतं. बाळाच्या पहिल्या दुधाबद्दल माझ्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

"त्याचं काय न्हाई त्यात, आई."

"मग कशाला शिकतूस बाबा," ती म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा जराशी हसली. पण आत जाईना. रिवाज मोडला आणि लेकरू दगावलं, तर सगळा दोष तिच्या माथी येणार होता. रिवाज पाळला तर मागच्या वर्षी काय झालं ते तिनं बघितलंच होतं.

आबा अंगणाला लागून असलेल्या मेंढरांच्या वाड्यात होते, ओसरीवरचं बोलणं तिथं ऐकू जात असे. त्याच पहाटे एक मेंढी व्याली होती. लेकीच्या दुधाबद्दल बापानं तोंड उघडायचं, ही गोष्ट आमच्यात होण्यासारखी नव्हती. आईनंही त्यांना विचारलं नसतं. ते एरवी हळू बोलणारे. पण आता वाड्यातून त्यांचा आवाज चांगलाच मोठा आला.

"अगं, हीच ती मेंढी. गेल्या साली हिचं कोकरू गेलं, ध्यानात हाय का? चीक गळून गेला व्हता, आपल्याला कळलंच न्हाई."

आईनं वाड्याकडे वळून पाहिलं.

"औंदा म्या आल्या-आल्या पाजला. बग, उभं ऱ्हायलंय." मग आणखी मोठ्यानं, "कुणी काय बी म्हनू दे, म्या तर पाजनार. गेलं, तर माज्या माथी."

ते मेंढीबद्दलच बोलत होते. पण ते कुणाला सांगत होते आणि कुणाचा दोष आपल्या डोक्यावर घेत होते, हे आईला कळलं, पडद्याआड आक्कालाही कळलं. आई आत गेली. वाटी कोनाड्यात पालथी ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"उद्या माज्या नावानं बोंबलू नगा," मावशी म्हणाली. पण निघून गेली नाही. बाळाला ओढून पिण्याएवढी ताकद नव्हती, तेव्हा मावशीनंच आक्काला थेंब कसे काढायचे ते दाखवलं. गुळाच्या पाण्यासाठी आणलेला कापसाचा बोळा तिनं चिकात भिजवला आणि बाळाच्या ओठांना लावला. "घे रे मेंढीच्या," असं काहीतरी पुटपुटली.

पाचवी पुजली. बाळ तेवढंच होतं, पण होतं. माझी सुट्टी संपली आणि मी नांदेडला परतलो. अभ्यासात मन लागत नव्हतं. घरून कुणी येईल का म्हणून मी स्टेशनकडे उगीच चक्कर मारून यायचो. एके दिवशी आबाच आले, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. मला बघितल्याबरोबर, बसायच्याही आधी म्हणाले, "बारसं झालं."

मी पुढे पदवीधर झालो आणि आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकांत यायला बरीच वर्षं जावी लागली. आपल्या शरीरात काही प्रथिनं अशी असतात की ती पेशींना वाढायचा, विभागायचा निरोप देतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांतलं एक माणसाच्या लाळेत असतं, आणि कातडीची जखम भरून येताना त्याचा हातभार लागतो. तेच आईच्या दुधात असतं, आणि पहिल्या दिवसांच्या दुधात अधिक. बाळाच्या पोटात ते सगळंच पचून जात नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींना जाऊन बिलगतं. मग त्या पेशी वाढतात, झिजलेल्या जागा भरतात, आणि कोवळं आतडं अन्न पेलण्याजोगं होतं. आधी जन्मलेल्या बाळाचं आतडं तर आणखीच कोवळं.

कोकराचं आणि आपलं सगळंच सारखं नाही, हेही मी वर्गात सांगत असे. रोगांशी लढणारी द्रव्यं माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच मिळू लागतात, कोकराला ती चिकातूनच मिळतात. त्यामुळे चिकाविना कोकरू जास्त हटकून जातं. आमच्या बाळाला फक्त त्या एका प्रथिनानं वाचवलं असं म्हणणं खरं होणार नाही. ऊब होती, आईचं दूध होतं, मावशीचा हात होता.

निवृत्त झाल्यावर एकदा आक्काकडे गेलो. तिची नातसून पोटुशी होती. आक्का तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी तिला हे सगळं आपल्या बोलीत सांगितलं. तिनं हात थांबवून ऐकलं.

"मंजी ते दूध पोटाला सांगतंय, वाढ म्हनून?"

"व्हय, तसंच."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मग माज्या पयल्याला कुनी सांगितलंच न्हाई."

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "आक्का, तसं ठामपणे सांगता येत नाही. लेकरू जायला शंभर कारणं असतात. ते कशानं गेलं हे मलाही माहीत नाही, कुणालाच नाही."

"खरं हाय तुजं," ती म्हणाली. "आईला म्हाईत असतं तर तिनं ती वाटी हातात तरी धरली असती का?"

तेवढ्यात भाचा रानातून आला. महिनाभर आधी आलेलं ते बाळ आता चौकटीतून वाकून आत येतं. आक्कानं त्याला समोर बसवलं, डोळ्यांना पदर लावला आणि सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या.

"आता पयल्यापासून सांग," ती मला म्हणाली. "ह्याच्या सुनेला मलाच सांगायचं हाय."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.