बटन बंद, तरी चावणारा कूलर

धामणगाव बढ्याच्या रुख्मिणीबाईचा विश्वास म्हणून कोणावर नव्हता. जन्म गेला बाजारात भाजी विकण्यात. वांग्यातली कीड अन् माणसातली खोट हुडकायची सवयच लागली होती. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवायची, सिलिंडर आलं की हलवून पाहायची. घराचं वायरिंग चालू असताना राम वायरमन पिशवी घेऊन चहाला काय गेला, हिनं बोंब ठोकली, "गेली माही वायर!" त्याला अर्ध्यातूनच हाकललं आणि उरलेले बोर्ड पुतण्याकडून, शिवमकडून, जोडून घेतले. शिवमचं शिक्षण म्हणजे मोबाईलवरचे व्हिडिओ. पण बल्ब लागला, पंखा फिरला, बाई खूश.

मग सून आली. प्रेरणा, बुलडाण्याची. घाटावरच्या थंड हवेत वाढलेली. तिच्या माहेरी कूलर पाहिला कोणी? एप्रिलात लोखंडी कूलर खिडकीत चढला आणि पाणी भरायचं काम सुनेकडे आलं. दुसऱ्याच दिवशी ती हात चोळत सासूपुढं उभी.

"आई, कूलर चावते. बटन बंद केलं तरी चावते."

झालं! बटन बंद आणि करंट? कोणाला शिकवते ही? कामाचा कंटाळा, दुसरं काय! आज कूलर चावते, उद्या गॅस चावेल, अन् परवा सागरला घेऊन बुलडाण्याला बिऱ्हाड. एकुलता एक पोरगा हातचा जाईल, ही खरी धास्ती. बाई तरातरा उठली, कूलरच्या पत्र्यावर हात ठेवला. पाण्यातही बुडवला. काही नाही.

"मले काऊन नाही चावत वं? माणूस पाहून चावते का कूलर?"

तिच्या पायात टाचदुखीच्या रबरी चपला होत्या. घरात चपला घालायची मुभा तिची एकटीची; देवाच्या घरात सुनेनं अनवाणीच वावरायचं, हा नियमही तिचाच. ओल्या फरशीवर प्रेरणा उघड्या पायांनी बादली ओतते, हे काही बाईच्या ध्यानात आलं नाही.

पुढं सून काही बोलली नाही. बाईला त्यातही खोट दिसली. नाटक चाललं नाही म्हणून गप बसली, असं तिनं शेजारी सांगितलं.

मे महिन्यातल्या चतुर्थीला बाई पूजेवरून उठली, ती अनवाणीच. उकाड्यानं जीव नको झालेला. कूलरमधलं पाणी संपलं होतं. बटन बंद केलं आणि स्वतःच बादली उचलली. पाणी पायावर सांडलं, पत्र्याला हात लागला, तो चिकटलाच. ओरडायला आवाज फुटेना. बादली पडल्याचं ऐकून प्रेरणा धावत आली, बाईला हात न लावता आधी मेन स्विच पाडला. बाई मटकन खाली बसली.

राम वायरमन मागचं विसरून आला बिचारा. त्यानं टेस्टर लावला. बटन बंद, अन् टेस्टर पेटलेला.

"काकू, तारा उलट्या जोडल्या ना! बटन फेजवर, म्हंजे करंट येते त्या तारेवर पाह्यजे, इथं न्यूट्रलवर, परतीच्या तारेवर बसवलं. बटन दाबलं की कूलर थांबते, पण करंट आतच राह्यते. मोटर ओली झाली, तो पत्र्यात उतरला. अर्थिंगही नाही. या घरात अनवाणी माणूस वाचला कसा?"

संध्याकाळी बाई सुनेजवळ येऊन बसली.

"किती वेळा चावला वं तुले?"

"रोजच."

"मंग पुन्हा सांगितलं काऊन नाही, माय?"

प्रेरणा भाजी निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली,

"मले वाटलं, तुम्हाले माहीत हाय. म्हणूनच मले पाठवता."