काकूंची गच्ची आणि उंबराचा माथा

मंडळी, आज सकाळी विचुंब्यात आमची झाडं पाहण्याची फेरी चक्क एका गच्चीवर भरली. उंबराच्या माथ्यावर काय चालतं हे खालून दिसत नाही, नुसती मान दुखते. म्हणून झाडाला लागून घर असलेल्या पाटीलकाकूंकडे जागा मागितली.

अडचण एकच होती. गच्चीवर झुकलेली वाळकी फांदी काकू उद्या तोडून घेणार होत्या. तिच्यावर कावळे बसतात आणि खाली वाळत घातलेले बोंबील पळवतात.

"काय बघायचं ते आजच बघा. उद्या नाय ती फांदी," चहा देतानाच त्यांनी बजावलं.

मी दुर्बीण आधी त्यांच्याच हातात दिली. फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक होतं. त्यातून एका तांबट पक्ष्याने डोकं काढलं, दुसरा चोचीत उंबर घेऊन आला. आत पिल्लं होती. तांबट वाळक्या लाकडातच घर कोरतो, हे मी सांगितलं.

"अगो बाय! माज्या डोक्यावर संसार मांडलाय!" काकू दुर्बीण सोडेनात.

"मग बोंबलांचं काय, आई?" सुनेने डिवचलं.

"उरणला भावाकडं मासे धरायचं जुनं जालं पडलंय. ते टाकू बोंबलांवरून. कावल्यांना बसूदे बघत!"

तिथूनच त्यांनी फांदी तोडणाऱ्याला फोन करून नको म्हणून कळवलं.

झाडं वाचवा असे फलक आपण पुष्कळ लावतो. माणसाला झाडाच्या उंचीवर नेलं, की बरंचसं काम तिथेच होतं.

तुमच्या गच्चीसमोर कोणतं झाड आहे? बोलवा, दुर्बीण मी आणतो.