होडेकरांच्या दारचा नारळ

रावजी पाष्टे खुर्चीत बसलेला कुणी पाहिलेला नाही. रत्नागिरीतल्या इतिहास मंडळाच्या कार्यक्रमाला तो सगळ्यांच्या आधी पोचतो, खुर्च्या मांडतो, सतरंजी झटकतो, वक्त्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो, आणि व्याख्यान सुरू झालं की स्वतः मात्र दाराला टेकून उभा. त्यातही स्वस्थ उभा राहील तर शपथ. वक्ता विषय सोडून भरकटला की रावजीचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो. तो ब्रेक असतो. लोट्याच्या एका केमिकल कंपनीची बस चालवण्यात त्याची सगळी उमर गेली, तिन्ही पाळ्यांची माणसं त्याने नेली-आणली. माणूस निवृत्त झाला, पाय अजून कामावरच आहे.

निवृत्त होऊन तो करंजकोंडला घरी आला तेव्हा त्याच्या बायकोला, सावित्रीला, आधी आनंद झाला. तो फार टिकला नाही. रावजीने परसाभोवती दगडांचा गडगा रचला, मग तोच गडगा मोडून पुन्हा रचला. गोठ्याचं दार धड होतं ते दुरुस्त केलं, आणि मग ते लागेना. सावित्री चुलीपाशी बसली तर हा पाठीशी उभा, ती परसात गेली तर हा मागोमाग. शेवटी ती म्हणाली, “अवो, कुठं तरी जावा. लोट्याला जावा, नायतर आनी कुठं जावा, पन माज्या पायात येव नका.”

मग तो पंपाचा वायसर आणायला म्हणून रत्नागिरीत गेला. वाचनालयाच्या सभागृहाचं दार उघडं होतं आणि आत कुणी बाई माइकवर खाडीकाठच्या जुन्या बंदरांबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी करंजकोंडचं नाव घेतलं. आपल्या गावाचं नाव लोट्यात कुणी घ्यायचं ते फक्त हजेरीच्या वेळी. इथे तर शहाणीसुरती माणसं ते नाव कान देऊन ऐकत होती. रावजी दारातच थबकला आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलला नाही. घेतलेला वायसर खिशात राहिला आणि बागेला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

तेव्हापासून मंडळाने रावजीला धरलं की रावजीने मंडळाला, हे सांगणं कठीण. जुन्या भांड्यांचं प्रदर्शन असो की किल्ल्यावरची फेरी, रावजी हजर. गुहागरच्या सहलीत तर तो सबंध वाट ड्रायव्हरच्या मागे उभा राहून वळणं सांगत होता, इतकं की त्या बिचाऱ्याने एकदा गाडी थांबवून किल्ली त्याच्या पुढ्यात धरली. पण कुणी मनापासून चिडायचं नाही. एवढ्या उत्साहाने ऐकणारा माणूस मंडळाला दुसरा कोण मिळणार होता? बाकीचे चहा झाला की घड्याळ बघतात.

त्या माइकवरच्या बाई म्हणजे मंडळाच्या कार्यवाह निशिगंधाताई, कॉलेजात इतिहास शिकवतात. रावजीने त्यांच्यामागे भुणभुण लावली. “मॅडम, आमच्या गावात फेरी कधी?” त्या विचारायच्या, “गावात बघण्यासारखं काय आहे?” रावजी सांगायचा, पाखाडी आहे. वरच्या वाडीतून खाली मोहल्ल्यातून थेट खाडीपर्यंत उतरणारी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ताई म्हणायच्या, पाखाड्या काय गावोगाव आहेत. मग एकदा त्याने होडेकरांच्या नारळाची गोष्ट सांगितली आणि ताईंनी पेन खाली ठेवलं.

गोष्ट अशी. खाडीवर पूल झाला तो परवा-परवा. त्याआधी पलीकडे जायचं तर होडेकरांची होडी. लग्न असो, बारसं असो, पाहुणे यायचे ते होडीतूनच. म्हणून गावात कुणाच्याही घरी कार्य निघालं की पहिलं बोलावणं होडेकरांना. घरचा नारळ घ्यायचा, पाखाडी उतरायची, मोहल्ल्यातल्या त्या घराच्या दारात उभं राहायचं. होडेकर नारळ फोडायचे, एक कवड, म्हणजे अर्धा भाग, स्वतःकडे ठेवायचे, दुसरी परत द्यायचे. परत दिली म्हणजे होडी येणार, कार्य होणार. ती कवड हातात घेऊन वर चढायचं आणि मग बाकीची घरं बोलवायची. पूल झाला, होडी काठावर कुजली, तरी नारळ चुकला नाही. हिंदू घरचा असो की मोहल्ल्यातला, पहिला नारळ होडेकरांचाच.

आताचा होडेकर म्हणजे गफूर. रावजीचा शाळेतला सोबती. कुवेतला आयुष्य काढून परत आलेला, सांध्यांनी धरलेला, पण जिभेने तिखट.

निशिगंधाताईंनी ठरवून टाकलं, मंडळाची वार्षिक फेरी करंजकोंडला! रावजीला आभाळ ठेंगणं झालं. त्याने पाखाडीवरचं गवत काढलं, घसरडी पायरी बसवली, खुर्च्या गोळा केल्या. मंडळाने छापायला आणि मोबाइलवर फिरवायला एक छानदार आमंत्रण बनवलं, त्यात रावजीच्या सांगण्यावरून शेवटी ठळक ओळ घातली: ‘पहिल्या नारळाच्या प्रथेचं प्रात्यक्षिक. सहभाग: श्री. गफूर होडेकर.’ रावजीने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून घरोघर फिरून तोंडी बोलावणंही करून आला. वरची वाडी झाली, मधली झाली, मोहल्ल्यातलीही घरं झाली. गफूरच्या दारावरून तो दोनदा गेला. मनात म्हणाला, ज्याच्या नावाने कार्यक्रम त्याला वेगळं बोलावणं कसलं?

चूक झाली ती इथे. आणि अशी चूक रावजीच करू जाणे.

रविवारी सकाळी पालखी बसते त्या सहाणेपाशी मंडळाची गाडी आली. टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली शहरातली माणसं उतरली, आंब्याचा मोहोर बघून खूश झाली, फोटो काढू लागली. रावजीने मांडलेल्या खुर्च्यांपैकी पुढच्या भरल्या. मागच्या गावकऱ्यांसाठी होत्या. त्या रिकाम्याच राहिल्या.

“येतील,” रावजी म्हणाला. “गावची माणसं, गुरं सोडून यायला वेळ लागतो.”

तो सहाणेच्या टोकाला जाऊन वाडीकडे बघून आला. परत येऊन मागच्या खुर्च्या सरळ केल्या, त्या सरळच होत्या. पुन्हा टोकाला गेला. समोरच्या घराच्या ओटीवर माणसं बसलेली दिसत होती, चांगली आंघोळी करून, धुतले कपडे घालून बसलेली. इकडे बघत होती, पण उठत नव्हती. रावजीने हात केला. त्यांनीही हात केला आणि बसून राहिली. एवढी वर्षं लोकांच्या गावचा इतिहास दारात उभं राहून ऐकला, आज आपल्या गावची पाळी आली तर आपल्याच गावाने पाठ फिरवावी? ही मंडळी परत जाऊन काय सांगतील?

तो तरातरा घरी गेला. सावित्री नेसून-सवरून तयार होती, पण तीही ओटीवरच बसलेली.

“तू का नाय आलीस?”

“खाली नारळ दिलाव काय?” तिने विचारलं.

“नारळ तर कार्यक्रमात हाय ना! मॅडम गफूरला देनार हायत, सगल्यांसमोर.”

सावित्रीने कपाळाला हात लावला. “जल्लं मेलं ते मंडळ! अवो, नारळ द्यायची गंमत करून दाखवनार, आनी नारळ द्यायचा तो दिलाच नाय? म्हनून बसलंय सगलं गाव. तुमच्या तोंडावर कोन बोलनार?”

तिने आवाज खाली आणला. “मी या गावात आले ती त्यांच्या होडीतनं. भरतीचं पानी फुगलं होतं, तुमची माणसं म्हनत होती उद्या जाव. गफूरभाईंचे वडील म्हनाले, कवड परत दिली हाय, होडी जानार. गफूरभाई तवा कुवेतला गेले नवते, वल्ह्यावर होते. मी इसरले नाय.”

रावजी धावतच सहाणेवर गेला, प्रात्यक्षिकासाठी ताटात ठेवलेला, हळदीकुंकू लावून सजवलेला नारळ उचलला आणि कुणाला काही न सांगता पाखाडी उतरू लागला. निशिगंधाताई मागून हाका मारत राहिल्या.

गफूर अंगणात झावळ्या सोलत बसला होता. त्याची बायको आसिया दारात होती. तिने “या” म्हटलं, गफूरने मान वर केली नाही.

“गफूर, चुकलं माजं. हा घे नारळ.”

गफूरने नारळाकडे पाहिलं. “ह्यो फोटोचा हाय.”

“आता दारात आनलाय ना.”

“पयला नारळ पयला असतो, रावज्या. ह्यो कितव्या घराचा? सगलं गाव बोलवून झालं, रत्नागिरीची बस येऊन उभी रायली, आनी आता मना सांगतोस पयला?” त्याने कोयता खाली ठेवला. “मी कुवेतला असताना माजा बाप गेला. तरी लोक ह्या दारात नारळ ठेवून गेले, कुनी नारळ फोडायला नवता तरी. तू मेल्या, नाव छापलंस माजं. मना इचारलंस?”

रावजी तसाच उभा राहिला, उजवा पाय मातीत दाबत. बस असती तर मागे घेता आली असती.

मागे घेता आली असती! तो वळला आणि आला तसाच पाखाडी चढून वर गेला. धापा टाकत सहाणेवर उभा राहिला आणि माइक हातात घेतला. पाच वर्षांत त्याने माइक फक्त चालू आहे की नाही ते बघण्यापुरता धरला होता.

“मंडळी,” तो म्हणाला, “तुमाला बोलावणं मी केलं. ते मी मागे घेतो.”

समोर कुजबुज झाली. एक गृहस्थ म्हणाले, “अहो, म्हणजे काय? आम्ही आलोय ना!”

“आलाव ते खरं. पन तुमाला बोलावलंच नाय अजून. कार्यक्रम नाय आज. बसायचं तर बसा, जायचं तर जावा, माजा इलाज नाय.” मग त्याने मोबाइल काढला आणि तेच गावाच्या ग्रुपवर बोलला: “मी रावजी पाष्टे. आठवडाभर जे बोलावणं केलं ते सगलं चुकीचं. ते मागे घेतलं. कुनाला बोलावणं नाय.”

ते गृहस्थ तणतणत गाडीकडे निघाले. निशिगंधाताई मात्र रावजीकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातात आमंत्रणाची प्रत होती, ती त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकली. “होडेकरांना विचारलंत का, हे छापायच्या आधी मीच तुम्हाला विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “जा तुम्ही. आम्ही थांबतो.”

सावित्री वाटेवरच उभी होती. घरचा, परसातल्या माडाचा, शेंडी ठेवलेला नारळ तिने त्याच्या हातात दिला. रावजी पुन्हा उतरला. पायऱ्या त्यानेच साफ केलेल्या, तरी दोनदा ठेचकाळला. हे सगळं करून गफूरने तोंड फिरवलं तर? मंडळ गेलं, गाव गेलं, आणि गफूरही गेला. मग उरलेला जन्म गडगा रचत आणि मोडत बसायचं.

अंगणात पोचला तेव्हा आसियाच्या मोबाइलमधून त्याचाच आवाज येत होता. ‘कुनाला बोलावणं नाय.’ आसियाने तो पुन्हा लावला. गफूर ऐकत होता.

रावजी दारात उभा राहिला. “गफूर, आमच्याकडे कार्य हाय. अजून कुनालाच बोलावलं नाय.”

“कवा हाय?”

“तू सांगशील तवा.”

रावजीचा खांदा हलला, बोटं नारळाच्या शेंडीशी चाळा करू लागली, पाय दाबला गेला.

“पाय थांबव आदी,” गफूर म्हणाला. “शालेत होतास तसाच रायलास. बाकाखाली सारखा खुट्‌खुट्.” त्याने हात पुढे करून नारळ घेतला, दारातल्या दगडावर आपटला. पाणी पायरीवर सांडलं. दोन्ही कवडी त्याने उलटून-पालटून पाहिल्या, गोड निघाला म्हणाला, आणि त्यातली एक रावजीच्या तळहातावर ठेवली.

“आजच हाय,” तो म्हणाला. “तुजी मानसं उनात उबी हायत ना? जा. मी पायजमा बदलून येतो.”

रावजीचे डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत. तो पाखाडी चढायला लागला, नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या एकदम. मोहल्ल्यातल्या शेवटच्या घराच्या खिडकीत कुणीतरी दिसलं. त्याच्या हातातली कवड बघून खिडकीतलं माणूस आत गेलं आणि दाराची कडी वाजली. मधल्या वाडीत ओटीवरचे लोक उठून चपला शोधू लागले. कुणी त्याला काही विचारलं नाही.

मग रावजीने पावलं आखडली. कवड छातीशी होती ती हात लांब करून समोर धरली आणि एकेक पायरी थांबत थांबत चढू लागला, एकही दार सुटू नये म्हणून.