न बोलता प्यायलेलं दूध

ऑपरेशनच्या आधी नर्सबाईंनी एक कागद हातात दिला. सगळा इंग्रजीत. "वाचून सही करा," म्हणाल्या. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. तरी कागदावरून वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा जाऊ दिला, आणि सही केली. आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही हे झाकायची ही माझी जुनी रीत आहे. पुढे जे झालं त्यात ही रीत आली, म्हणून आधी सांगून टाकतो.

माझं वय तेव्हा चौतीस. गाव लातूरकडं, आणि मी जळगावला चटईच्या कारखान्यात. त्या वर्षी दोनदा टॉन्सिलच्या मागं पू झाला. दुसऱ्या वेळी तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, स्वतःची थुंकी गिळता येईना, आडवं झालं की श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, तिसऱ्या वेळेची वाट बघू नका.

माझ्याबरोबर मशीनवर धुळ्याकडचा एक जण होता. त्याचा चुलतभाऊ धुळ्यातल्या एका दवाखान्यात कामाला, म्हणून ऑपरेशन तिथं ठरलं. तो रजा टाकून माझ्यासोबत आला. कॉटखाली आमच्याच कारखान्याची चटई अंथरून तीन दिवस झोपला. मी शुद्धीवर आलो तेव्हा घशात कुणीतरी निखारा ठेवून विसरून गेलंय असं वाटत होतं. तो माझ्या तोंडाशी वाकून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, घाबरू नको, मी शे ना. आते पंधरा दिन तोंड बंद. बठ्ठा कारखाना खूश शे." माझं तोंड बंद म्हणून सगळा कारखाना खूश, म्हणे! हसायला गेलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यानं केलं.

सुट्टी देताना नर्सबाईंनी बजावलं. गरम काही घ्यायचं नाही. तिखट नाही, कडक नाही. मऊ आणि गार खायचं. आठ-दहा दिवसांत खपली सुटते, तेव्हा जपायचं, आणि रक्त आलं तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे सगळं मराठीत सांगितलं, मला कळलं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

एसटीनं जळगावला आलो. पारोळा, एरंडोल कधी गेलं कळलं नाही. गिळलं की कळ थेट कानात जायची, म्हणून सबंध वाट पिशवीत थुंकत होतो.

जळगावातच पिंप्राळ्यात मी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. खाली घरमालकीण, सगळे त्यांना अक्का म्हणत. यावलकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. नवरा गेलेला, मुलगा-सून बाहेरगावी. धुळेकर अक्कांना 'मऊ द्या' एवढंच सांगून, मला वर सोडून कामावर गेला, आणि तेव्हापासून अक्काच माझं बघू लागल्या. सकाळी कुस्करलेलं केळं, दुपारी मऊ वरण-भात, तो मी निवू देऊन खायचो. एवढाल्या पायऱ्या गुडघे धरत चढायच्या आणि म्हणायच्या, "खाय बापा. नही खाल्लं तं जीव कसा भरीन?"

आईला मी ऑपरेशनचं सांगितलं नव्हतं. तिचा जीव लहान, आणि इतक्या लांबून ती करणार तरी काय? पण ती दर दोन दिवसांनी फोन करायची. परत आल्याच्या संध्याकाळीच फोन वाजला, आणि मी तो वाजताच अक्कांपुढं धरला. काय बोलायचं ते अक्कांनी आपल्या मनानं ठरवलं.

"कामावर गेला व माय तो. फोन इथीच राह्यला त्याचा."

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "बरं हाय न्हवं त्येचं? थंडी लई पडली म्हनं तिकडं. लहानपनापासून घसा नाजूक हाय बघा त्येचा. संध्याकाळच्याला हळदीचं दूद देता का वो बाई त्याला? कडक गरम. मी असते तर दिलं असतं."

"देईन व माय. मह्या पोरासारखाच हाये."

दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

तासाभरात अक्का पेला घेऊन वर आल्या. दुधाची वाफ चष्म्यावर चढली होती. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "लाजून नको राहू. तुह्या मायनं सांगितलं." मी हातानं नाही म्हटलं. आमच्याकडं काय, इकडं काय, पहिल्यांदा नाही म्हणायचंच असतं, त्यामुळं माझं नाही त्यांनी नाही धरलंच नाही. मग मी उशाची वही घेतली, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गरम द्यायचं नाही सांगितलंय', आणि पुढं केली.

अक्कांनी वही हातात घेतली. वरपासून खालपर्यंत बघितली. जेवढा वेळ लागावा तेवढा जाऊ दिला. मग वही मिटून खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हो, हो, ते करू आपण. आधी दूध पे. गयाले शेक बसीन."

चष्मा डोळ्यांवरच होता. मी ओळखलं. धुळ्यात मी जे केलं होतं तेच होतं ते. वही पुन्हा पुढं करणं म्हणजे या बाईला तिच्याच घरात उघडं पाडणं. ते माझ्यानं झालं नाही. दूध प्यायलो. पहिल्या घोटाला डोळ्यांपुढं अंधारी आली. अक्का पेला रिकामा होईपर्यंत बसून होत्या.

रोज संध्याकाळी दूध आलं. खोलीत एकटा असतो तर खिडकीतून ओतलं असतं. त्या समोर बसायच्या. पाच दिवस प्यायलो.

ऑपरेशनच्या आठव्या दिवशी दुपारी डोळा लागला होता. जाग आली ती तोंडात लोखंडाची चव घेऊनच. थुंकलो तर लाल. पुन्हा थुंकलो तर भरून आलं. थांबेना. पाणी प्यायचा तांब्या अर्धा भरला तेव्हा हातपाय गार पडले. हाक मारायची म्हटलं तर आवाज नाही. तो तांब्या तसाच जिन्यावरून खाली ढकलून दिला. पायऱ्यांवर त्याचा आवाज झाला, आणि अक्का बाहेर येऊन बघतात तो पायऱ्या रक्तानं भरलेल्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. रस्त्यावर जाऊन रिक्षा आडवी घातली. जवळच्या दवाखान्यापर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि पदर माझ्या तोंडाशी धरला. पदर भिजून जड झाला. आईला न सांगताच मरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दवाखान्यात उलटी झाली, काळ्या गाठी पडल्या. डॉक्टरांनी घशातली रक्ताची गाठ काढली आणि औषधाचा बोळा चिमट्यात धरून दाबून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. रक्त थांबलं. निघताना उशाची वही मी खिशात कोंबली होती, ती पुढं आली, विचारणा झाली. "काय खाल्लं होतं? गरम, कडक काही?"

मी लिहिलं, 'टोस्ट'.

डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या अक्का पुढं आल्या. "टोस? टोस तं मह्या घरातच नही. खोटं काहून सांगतो रे डॉक्टरले? म्या हयदीचं दूध देलं साहेब, रोज. गरम गरम."

डॉक्टरांनी मान वर केली. "गरम? अहो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मग माझ्या हातातल्या वहीकडं. वहीकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. भिजलेला पदर तसाच हातात होता. मला वाटलं, आता मी वर बघू नये. मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर नंतर म्हणाले, या दिवसांत खपली सुटते, गार खाणाऱ्यालाही असं होतं, दुधानंच झालं असं सांगता येणार नाही. आवाज आल्यावर पहिल्यांदा मी अक्कांना तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बरा होईपर्यंत त्यांनी मला खायला घातलं, पण एक बोट आधी त्यात बुडवून बघितल्याशिवाय कधी दिलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. खोली बदलली, पण सणाला मी अक्कांकडं जातो. त्या चहा करतात, ओट्यावर ठेवून देतात, आणि बसून राहतात. साय धरते. मग बोट लावून बघतात आणि पेला माझ्यापुढं सरकवतात. घसा केव्हाच बरा झालाय, गरम चालतं, हे मी एकदा सांगून बघितलं. "राहू दे," म्हणाल्या.

आईला अजून काही माहीत नाही. थंडीत तिचा फोन येतो, तेव्हा हळदीचं दूध घेतोस का, विचारते. मी घेतो म्हणून सांगतो.